काट्याचा भोंगा

जुने भोंगे शोधायचं काम मला मंडल ऑफिसातून मिळालं, तेव्हा मायला हसू आवरेना. "मानसं हारवलेल्या म्हशी हुडकतेत. तू भोंगे हुडकून राह्यली का?"

युद्धाच्या बातम्या वाढल्या तसा वरून आदेश आला होता. आगीसाठी, संकटासाठी पूर्वी बसवलेले भोंगे कुठे आहेत आणि वाजतात का, ते बघून यायचं होतं. बोथच्या गोदामावरच्या भोंग्यात कबुतरांनी संसार थाटला होता. नार्नूरकडे नुसता लोखंडी खांब उरलेला आणि त्याला बकऱ्या बांधलेल्या. माझा संताप व्हायचा. जीव वाचवायची वस्तू लोक इतक्या निवांतपणे मोडून खातात कशी?

चालू भोंगा एकच सापडला, तोही माझ्याच गावात, कापसातली सरकी काढायच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या छपरावर. जिनिंगची जागा कापूस खरेदीसाठी चंपतराव काकांकडे होती. वेचणी संपली की ते रोज संध्याकाळी भोंगा वाजवत. भोंगा वाजला म्हणजे काटा सुरू, बायांनी गाठोडी घेऊन मोजायला यावं. तो वाजतो तोवर फाटक उघडं. थांबला की फाटक बंद, मग उशिरा आलेलीनं गाठोडं तसंच घरी न्यायचं. बटन आतल्या खोलीत, कापसाच्या ढिगांमागं. ते दाबूनच धरावं लागे, बोट काढलं की भोंगा मुका.

"काका, हा आगीचा भोंगा हाये. काट्यासाठी वाजवू नका," मी म्हणाले.

"रोज वाजवतो म्हनून तर जिता हाये तो. बाकीचे पाह्यले ना तू?"

त्यांचं खोटं नव्हतं, म्हणून मला जास्तच राग आला. "आन् खरंच आग लागली तर?"

"तर बटन सोडनारच नाई. लांब वाजला की लोक समजतेत."

"तुमी सांगितलं कोनाले?"

"त्यात सांगाचं काय?" म्हणत काकांनी माझ्यापुढं चहा सरकवला.

माझी माय, मनकर्णा, जिनिंगसमोरच्याच शेतात वेचते. फाटकावर पहिला नंबर लावायचा तिला भारी सोस. घरी आल्यावर मी तिला विचारलं, "भोंगा लांब वाजला तर काय करशीन?"

"बरं झालं म्हनीन. चार बोंडं अजून वेचून येईन."



दुसऱ्या दिवशी दुपारी काकांशी पुन्हा भांडायच्या तयारीनं मी जिनिंगवर गेले. फाटकातच जळक्या चिंधीचा वास आला. कापूस आतल्या आत धुमसतो, वरून पांढराच दिसतो. मागच्या छपरातून धूर निघत होता आणि हमाल माझ्या अंगावरून बाहेर पळत होते. त्यातल्या बंडूला मी दंडाला धरून थांबवलं.

"काका कुठं हायेत?"

"भोंगा वाजवाले आत गेले."

तेवढ्यात भोंगा सुरू झाला. खरं सांगते, क्षणभर मला बरं वाटलं. आज तो त्याच्या खऱ्या कामाला वाजत होता.

मग मी शेताकडं पाहिलं. वाकलेल्या बाया सरळ झाल्या होत्या. कोणी कमरेची ओटी सोडत होती, कोणी गाठोड्याला गाठ मारत होती. कापसाच्या वाळल्या पराट्या जाळायचे दिवस, धूर कोणाला नवा नव्हता. आज काटा लवकर लागला, एवढंच त्यांना कळलं. डोक्यावर गाठोडी घेऊन त्या निघाल्या आणि सगळ्यांत पुढं माझी माय.

भोंगा थांबेना. लोकांना समजावं म्हणून काकांनी आत बटन दाबून धरलं होतं. आणि तो जितका लांबत होता, तितक्या मागच्या शेतांतल्या बायाही धावत येत होत्या. मी ओरडले, पण माझाच आवाज मला ऐकू आला नाही. हातानं नको नको केलं, तर लांबून दोघींनी उलट मलाच हात हलवला.

मी बंडूला हाताशी घेऊन फाटक ओढलं आणि त्याला पाठ लावून उभी राहिले. माय धापा टाकत येऊन भिडली.

"सर बाजूले. त्यो काका आज आमच्यासाठी थांबून राह्यला, अन् तूच आडवी?"

"माय, आत आग हाये." मी तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले.

"पराट्या जाळून राह्यले कोनी. सर." तिनं मला खांद्यानं ढकललं. मागून बाकीच्यांचा लोंढा आला. माझे पाय मातीत घसरत होते.

मग भोंगा थांबला. आवाज खाली खाली येत विरून गेला. बाया हळहळल्या. ढकलाढकली एकदम संपली, कारण आता घाई करून उपयोग नव्हता. मायनं गाठोडं खाली टाकलं.

"झाला बंद. तुज्यापायी आजचा काटा गेला."

फाटकाचा पत्रा माझ्या पाठीला गरम लागत होता. मी मागं वळले नाही. बटनावरचं बोट निघाल्याशिवाय तो भोंगा थांबत नाही, हे गावात सगळ्यांनाच माहीत होतं.