खिडकीजवळचं टेबल

उन्हाची धग कमी झाली, रस्त्यावरच्या झाडांची पानं कडेनं पिवळी पडायला लागली, की वाचनालयाच्या बाई दारातल्या फळ्यावर महिनाभराचे कार्यक्रम लिहून काढायच्या. पहिल्या रविवारी चालण्याची शर्यत, दुसऱ्या रविवारी जुन्या पुस्तकांची अदलाबदल आणि तिसऱ्या रविवारी दुरुस्तीचा दिवस. त्या दिवशी वस्तीतल्या कोणीही आपली मोडकी वस्तू घेऊन वाचनालयाच्या हॉलमध्ये यावं आणि ज्याला त्यातलं कळतं त्यानं ती फुकट नीट करून द्यावी, अशी पद्धत होती.

या दिवसाचे नवरदेव म्हणजे घड्याळवाले काका. बाजाराच्या कोपऱ्यावर चाळीस वर्षं त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. ते बंद केल्यापासून गेली सहा वर्षं ते हॉलमधल्या खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचे. डोळ्याला भिंग लावून हातात चिमटा घेतला की भोवती माणसं जमायची. काका बोलायचेही झकास. "या घड्याळानं तुमच्यापेक्षा जास्त सोसलंय हं," असं म्हणून हशा घ्यायचे. एरवी दिवसेंदिवस कोणी विचारत नसलं, तरी त्या एका दिवसाच्या कौतुकावर त्यांचं वर्ष निघायचं.

यंदा बाईंनी काकूंनाही विचारलं. "तुमच्या रफूबद्दल ऐकलंय मी. बसाल का?"

काकूंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं.

"बस की," काका मोठ्या मनानं म्हणाले. "दोनचार बटणं लावशील. तेवढाच तुझा वेळ जाईल."

रविवारी दोघं हॉलमध्ये पोचले, तर खिडकीजवळच्या टेबलावर काकूंच्या नावानं पांढरी चादर अंथरलेली.

"काका, रफूला उजेड लागतो ना," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे तुमचा दिवा आहेच."

"हो हो, बरोबर आहे," काका म्हणाले आणि आपली पेटी घेऊन खांबाच्या आडोशाला गेले. शेजारी वायरमन इस्त्र्या उघडून बसला होता. तिथून खिडकी मात्र सरळ दिसत होती, हेच वाईट.

दहाला दार उघडलं. अर्ध्या तासात काकूंच्या टेबलापासून दारापर्यंत रांग लागली. कोणाची शाल कसरीनं खाल्लेली, कोणाच्या कोटाचं अस्तर फाटलेलं, कोणाच्या पिशवीची चेन गेलेली. काकांकडे दोनच माणसं आली. एकाला घड्याळात सेल घालून हवा होता. दुसऱ्याला पाणी कुठे मिळेल ते विचारायचं होतं.

"हल्ली सगळे मोबाइलमध्येच वेळ बघतात हो," वायरमन समजुतीनं म्हणाला.

"मी विचारलं का तुला?" काका म्हणाले.

तेवढ्यात दारातून निवृत्त हेडमास्तर आले. दुकानातलं काकांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. काका खुर्चीत सरसावले. त्यांनी टेबलावरचा कापडाचा तुकडा सारखा केला.

"या मास्तर! काय म्हणतंय घड्याळ?"

"ते तुमच्या कृपेनं झकास चाललंय," हेडमास्तर हसले आणि हातातला कोट वर करून दाखवला. "आज वहिनींकडे काम काढलंय. कोपर गेलंय बघा." आणि ते रांगेत जाऊन उभे राहिले.

काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. सुई काय, कोणीही धरतं. घड्याळाचं चक्र जागेवर बसवायला जन्म जावा लागतो! आणि ही बया, घरात चार वाक्यं धड बोलत नाही, ती तिथे रांगेतल्या प्रत्येकाशी हसून बोलत होती. नर्सचा गणवेश घातलेली एक मुलगी आपल्या आईचा स्वेटर घेऊन आली होती. आई मागच्या वर्षी गेली, असं ती सांगत होती. काकूंनी स्वेटरच्या आतल्या शिवणीतूनच लोकर ओढून भोक असं विणून बुजवलं की मुलगी उजेडात धरून शोधत राहिली. तिला भोक काही सापडेना. तिचे डोळे भरून आले. मागच्या बायका पुढे सरकून बघायला लागल्या.

"काकू, हात आहेत की काय आहेत!" कोणीतरी म्हणालं.

चाळीस वर्षांत तिनं आपले मोजे रफू केले, शर्टाच्या कॉलरी उलटवल्या. आपण एकदा तरी उजेडात धरून बघितलं होतं का, हा विचार काकांच्या मनात यायला हवा होता. तो आला नाही. पोटात मिरची झोंबल्यासारखं होत होतं, तेवढंच त्यांना कळत होतं.

साडेअकराला चहा आला. काकू चष्मा टेबलावर ठेवून हात धुवायला गेल्या. रांगेतली माणसं चहाच्या किटलीकडे वळली. काका उठले, खिडकीपाशी गेले, बाहेर बघितल्यासारखं केलं आणि चष्मा उचलून शर्टाच्या वरच्या खिशात टाकला. मग ते खांबापाशी परत आले. आयुष्यात कोणाच्या घड्याळातला जुना स्क्रूसुद्धा त्यांनी ठेवून घेतला नव्हता.

काकू परत आल्या. त्यांनी चादर झटकली, टेबलाखाली वाकून पाहिलं, पिशवी उपडी केली. मग त्या काकांपाशी आल्या.

"अहो, माझा चष्मा बघितलात का?"

"मी काय तुझ्या चष्म्याची राखण करतोय?"

काकूंची नजर काकांच्या खिशावर गेली. चष्म्याची एक काडी बोटभर वर आली होती. काकांच्या ते लक्षात आलं, पण आता हात लावायची सोय नव्हती.

काकूंनी मान वळवली आणि रांगेकडे बघून म्हणाल्या, "माझा चष्मा कुठेतरी पडला वाटतं. घरी जुना आहे एक, घेऊन येते. अर्धा तास थांबाल ना?"

आणि त्या निघाल्या.

काकांना वाटलं होतं, बरं वाटेल. पण रांग काही त्यांच्याकडे वळली नाही. माणसं तिथेच भिंतीला टेकून, मांडीवर कपडे घेऊन बसून राहिली. हेडमास्तर म्हणाले, "थांबू की. अशी रफू मिळायची नाही." काका मिनिटभर बसले. मग उठले आणि जवळजवळ पळतच बाहेर पडले.

काकू फार्मसीच्या कोपऱ्यापर्यंत गेल्या होत्या. भराभर चालत होत्या.

"अगं, थांब."

त्या थांबल्या नाहीत. काकांनी पुढे जाऊन चष्मा धरला. "हा घे."

"का घेतलात?"

"चुकून..."

"अहो, मला सगळ्या लोकांसमोर खोटं बोलायला लावलंत, आता मला तरी खोटं सांगू नका."

"मला बघवेना," काका म्हणाले. "माझ्याकडे कोणी येईना, आणि तुझ्याकडे ही झुंबड. मास्तरसुद्धा."

"मला चाळीस वर्षं बघवलं ते?" काकूंचा आवाज चढला. सायकलवरून जाणाऱ्या बाईनं वळून पाहिलं. "डबा घेऊन यायचे दुकानात. तुमच्याभोवती ही गर्दी. डबा काउंटरवर ठेवायचे नि परत फिरायचे. एका माणसालाही कधी सांगितलंत का, ही माझी बायको म्हणून? जळायचे मी. घरी जाऊन भांडी आपटायचे. पण तुमचं भिंग नाही लपवलं कधी!"

काकांना ती भांडी आठवली. त्यांना इतकी वर्षं वाटत होतं, हिचा हातच जड आहे.

"चूक झाली," ते म्हणाले.

"मला नका सांगू. तिथे बसलेत ना ताटकळत, त्यांना सांगा." काकूंनी चष्मा घेतला, पदरानं पुसला आणि परत वळल्या.

हॉलमध्ये काकूंना बघून सगळे उठले. काका दाराशीच थबकले. मग घसा खाकरून म्हणाले, "चष्मा माझ्या खिशात होता."

हशा पिकला. "वय झालं काका!" वायरमन ओरडला.

तिथेच सोडून देता आलं असतं. काकूंनीही मान वर केली नाही. त्या सुईत दोरा ओवत होत्या.

"विसरून नाही," काका म्हणाले. "मुद्दाम घेतला होता. तिच्याकडे गर्दी होती म्हणून."

आता कोणी हसलं नाही. वाचनालयाच्या बाईंनी हातातले कप उगाचच एकात एक घातले. नर्सच्या गणवेशातली मुलगी स्वेटरची घडी उलगडून परत घालत बसली. काका आपल्या खुर्चीत जाऊन बसले. बऱ्याच वेळानं वायरमननं आपलं मनगटावरचं घड्याळ काढून त्यांच्यापुढे ठेवलं. "दिवसाला पाच मिनिटं मागे पडतंय," तो म्हणाला. काकांनी भिंग लावलं. पाच वाजेपर्यंत त्यांच्याकडे तेवढंच काम आलं.

घरी परतताना वाटेत काकू एक अक्षर बोलल्या नाहीत. सोमवारीही कामापुरतंच बोलल्या. मंगळवारी बाईंचा फोन आला. गुरुवारी दुपारी रफूचा वर्ग सुरू करायचा म्हणत होत्या. काकूंनी कोणालाही न विचारता होकार दिला.

गुरुवारी काकांनी एकट्यानं अन्न गरम करून घेतलं, जेवले, आणि घरभर येरझाऱ्या घालत राहिले. पोटात ती मिरची होतीच. काकू यायला बराच उशीर झाला. त्यांच्या हाताला लोकरीचे धागे चिकटले होते आणि चेहरा फुलला होता.

"किती जणी होत्या?" काकांनी विचारलं.

काकूंनी हाताला चिकटलेला एक धागा काढला.

"सतरा," त्या म्हणाल्या. "आणि दोन पुरुष."

"सतरा!" काका म्हणाले. मग खुर्ची ओढून समोर बसले. "बरं, सांग. काय काय शिकवलंस?"