‘जाणार नाही’ म्हटल्यावर

दादाचं म्हणणं असं, की तलवार मोठी होत गेली आणि ताकदीचे आकडे वाढत गेले की झाला रोल-प्लेइंग गेम. मग व्यायामशाळेलाही तेच म्हण, मी म्हटलं. तो हसला. माझं बोलणं अडचणीचं झालं की तो हसतो, लहानपणापासून.

गेम बनवणारी कंपनी दादाची. गेममधली माणसं काय बोलतात ते मी लिहिते. या गेममध्ये एक नावाडी आहे. राजाचे शिपाई लढाईसाठी माणसं न्यायला येतात, तेव्हा त्याची आई दारात उभी राहून विचारते, "जाशील?" पडद्यावर तीन उत्तरं येतात: जातो, जाणार नाही, उद्या सांगतो. जसं निवडाल तशी पुढची गोष्ट. नावाडी घरी राहिला तर काय होतं, हे लिहायला मला आठ महिने लागले. खेळणाऱ्याने नाही म्हटल्यावर ज्या गेमला ते ऐकावं लागतं, तो रोल-प्लेइंग. बाकीचे हाणामारीचे. तेही खेळावेत, मजा येते, पण त्यांनी हे नाव लावू नये.

सोमवारी गेम चालवून पाहिला तेव्हा कळलं, की दादाने वेळ नाही म्हणून तीनपैकी दोन गोष्टी कापल्यात, फक्त ‘जातो’ची ठेवलीय. उत्तरं मात्र तिन्ही ठेवलीत. मी "जाणार नाही" दाबलं. नावाड्याची आई म्हणाली, "मला ठाऊक होतं, तू हो म्हणशील." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बटणं कशाला ठेवलीस मग?"

"असू दे गं. पोस्टरवर रोल-प्लेइंग छापलंय. लोकांना आपण निवडतोय असं वाटतं."

"नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. गोष्टी परत घाल, नाहीतर पोस्टर बदल."

"तू ना, फार मनाला लावून घेतेस."

आज वितरक आले, गेम दुकानांत पोचवणारे. दादाने कौतुकाने त्यांच्या हातात कंट्रोलर दिला. त्यांनी नेमकं "जाणार नाही" निवडलं. आई जे म्हणायची तेच म्हणाली.

"मी तर नाही म्हणालो होतो," वितरक म्हणाले.

"लिहिताना चुकलं असेल हिचं," दादा म्हणाला. खापर सरळ माझ्या डोक्यावर.

"चुकलं नाही. मी तिन्ही गोष्टी लिहिल्यात. याने दोन कापल्या."

वितरकांनी कंट्रोलर खाली ठेवला. "हे बघा, गिऱ्हाइकांच्या शिव्या आम्ही खातो. कापलेलं परत घाला, नाहीतर पोस्टरवरून तो शब्द काढा."

परत घालायला तीन दिवस पुरले असते. दादाला ते माहीत होतं.

"शब्द काढतो," तो लगेच म्हणाला. "आणि ती दोन बटणंही."

वितरक गेल्यावर तो माझ्याकडे वळला. "झालं ना तुझ्या मनासारखं?"

मला त्याचा इतका राग कधीच आला नव्हता. मी संगणकावर गेम बनवणाऱ्यांची नामावली उघडली आणि त्यातून माझं नाव पुसलं.

"अगं, नाव कशाला काढतेस? घरचाच गेम आहे."

मी पिशवी उचलली. दारापर्यंत पोचले, तेव्हा त्याने मागून विचारलं, "पण काय गं, तो नावाडी घरी राहून करतो तरी काय?"

म्हणजे त्याने वाचलंच नव्हतं. कापण्याआधी एक पानसुद्धा नाही.

"ते आता तुला कळणार नाही," मी म्हटलं आणि जिना उतरले.