बिनसहीचा कागद

वेस्ट हार्लो गावाला व्याख्यानांचं वेडच लागलं होतं. हिवाळ्यात दर बुधवारी संध्याकाळी बूट बनवणारे, शेतकरी, चर्चचा कारभार पाहणारे डीकन, सगळे सभागृहात जमत आणि आत्मा, वीज, गुलामगिरी, जो मिळेल तो विषय ऐकत. बायकांनी ऐकायला हरकत नव्हती. बोलायचं मात्र नाही. त्यांना काही सुचलंच तर कागदावर लिहावं, सही न करता दारातल्या पेटीत टाकावं, व्याख्यान मंडळाचे चिटणीस पीस्ली मास्तर ते वाचून दाखवतील, असा नियम होता. नियम करणारे अर्थात पुरुषच, आणि आपण फार उदार आहोत असं त्यांना मनापासून वाटे.

थर्झा बुलार्ड तीन हिवाळे त्या पेटीत कागद टाकत होती. वय छत्तीस, लग्न झालेलं नाही, भावाच्या घरी राहून दिवसभर मेण लावलेल्या दोऱ्याने बुटांची कातडी शिवायची. सभागृहाची झाडलोट आणि शेगडीही तिच्याकडेच. बुधवारी ती मागच्या बाकावर बसे आणि मास्तर चष्मा पुसून तिचा कागद उघडत. त्यांचा आवाज भरदार, सावकाश. शिवता शिवता मनात जुळवलेली आपली ओबडधोबड वाक्यं त्या आवाजात ऐकली की तिचा जीव कासावीस होई. त्या आवाजाने एकदा, एकदाच, आपलं नाव घ्यावं, एवढीच तिची आस होती.

त्या बुधवारी बोस्टनहून एक पाहुणे आले. माणसाने रानात एकटं राहून स्वतःच्या आत्म्याचं ऐकावं, असं त्यांनी दीड तास सांगितलं. मग मास्तरांनी पेटीतला कागद काढला. विषय आठवडाभर आधीच जाहीर झाला होता, त्यामुळे कागदही एकांतावरच होता. रानात गेलेल्यांचे कपडे कोण धुतं, असं त्यात विचारलं होतं. घरात नऊ माणसं असली की एकांत एका टाक्यापासून दुसऱ्या टाक्यापर्यंतच मिळतो, पण तेवढ्यातही बाई स्वतःला भेटून येते, असं पुढे होतं. आधी हशा पिकला, मग तो मध्येच विरला.

पाहुणे उठून उभे राहिले. हे मी माझ्या मासिकात छापतो, म्हणाले. फक्त खाली नाव हवं. लिहिणारी इथे असेल तर तिने नुसतं उभं राहावं.

भाऊ काय म्हणेल, डीकनच्या बायकोचं तोंड कसं होईल, सगळं थर्झाच्या डोळ्यांपुढून गेलं. तरीही ती उठली.

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. "हो, थर्झाबाई, बरं लक्षात आलं तुमच्या," ते म्हणाले. "विझत आलीय शेगडी. घाला एक ओंडका."

बाकावरच्या बायकांनी गुडघे सरकवून तिला वाट करून दिली. तिने ओंडका घातला. वळून पाहीपर्यंत मास्तर पाहुण्यांना सांगत होते की आमच्याकडच्या बायका फार लाजऱ्या, आणि लोक आपापल्या टोप्या शोधू लागले होते.

सभागृह रिकामं झाल्यावर ती टेबलापाशी गेली. मास्तर अजून कागद आवरत होते.

"तो कागद माझा आहे, मास्तर."

"माहीत आहे," ते हळूच म्हणाले. "पहिल्या हिवाळ्यापासून माहीत आहे. तुमच्या कागदांना दोऱ्याच्या मेणाचा वास येतो."

"मग मला शेगडीकडे का पाठवलंत?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "ते बोस्टनवाले तुम्हाला घेऊन गेले असते. मग मी बुधवारी काय वाचलं असतं?"

थर्झाला संताप आला. पण संतापाच्या तळाशी दुसरंही काहीतरी होतं. म्हणजे या माणसालाही बुधवारची वाट पाहायची सवय लागली होती, आणि तीन वर्षांत त्याने ते तिला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. तिने कागद ओढून घेतला, टेबलावरची लेखणी उचलली आणि खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं. पाहुणे डीकनच्या घरी उतरले होते, दोन घरं सोडून.

"आणि पुढच्या बुधवारी?" मास्तरांनी विचारलं.

"लिहा तुमचं स्वतःचं काहीतरी," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

बर्फातून चालताना तिने कागदातलं पहिलं वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं. पाहुण्यांनी वाचायला सांगितलं तर अडखळायला नको. आवाज किरटा निघाला. तिने पुन्हा म्हटलं, मग आणखी एकदा. डीकनचं दार आलं तरी कानात वाजत होता तो मास्तरांचाच आवाज.