एडनासाठी चार दिवसांचं ऊन

डेनिस बॅराक्लफ रोज सकाळी नऊला परसात जाऊन पाऊस मोजायचा. उन्हाळ्यात मात्र दहाला, कारण मार्चमधे सरकार घड्याळ तासभर पुढं करतं ते त्याला मंजूर नव्हतं. "घड्याळ पुढं केलं म्हणून पाऊस काय लवकर उठतो का?" म्हणायचा. तांब्याचं नळकांडं, त्यात काचेची बाटली, पलीकडं पांढरी झडपांची पेटी आणि तिच्यात थर्मामीटर. चौतीस वर्षं हा नेम. आधी बस चालवायचा, तेव्हा ड्यूटीच्या वेळासुद्धा त्या नळकांड्याला विचारून घ्यायचा.

हॉलिनरॉइड या विलायती डोंगरगावात त्याला कुणी डेनिस म्हणतच नसे. सगळे म्हणत 'हवामान खातं'. कपडे वाळत घालायचे, कुंपण रंगवायचं, पोरीचं लग्न मांडवात करायचं का हॉलमधे, विचारा खात्याला. आणि पाऊस पडला की शिव्या पण खात्यालाच. खाटकाच्या दुकानात बाया त्याला गाठायच्या. "काय रे खातं, यंदा उन्हाळा कुठं लपवलास? पलंगाखाली?" तो टोपी काढायचा आणि म्हणायचा, "मी मोजतो बाई, पाडत नाही."

उन्हाळ्याबद्दल त्याचं स्वतःचं एक मत होतं, आणि बिअरचा दुसरा ग्लास झाला की ते ऐकावंच लागायचं. म्हणायचा, आपला उन्हाळा वाईट नाही, आपली आठवण वाईट आहे. जो तो शहात्तर सालचं ऊन धरून बसलाय. अरे, माझ्या वहीत चौतीस ऑगस्ट आहेत, त्यातले धड सहा. चौतीसात अठ्ठावीस वेळा जो येत नाही त्याच्यासाठी दरवर्षी दारात खुर्च्या मांडून बसता आणि तोंड पाडून आत येता, चूक कुणाची? मग ग्लास खाली ठेवून हळूच म्हणायचा, "मी पण मांडतो म्हणा खुर्ची."

त्या वर्षी तर काही विचारू नका. मे महिन्यात वानगीदाखल दोन दिवस ऊन दाखवलं आणि दुकान बंद केलं. जूनपासून डोंगरावर जी ओली गोधडी पडली ती उठायचं नाव घेईना. शनिवार न् शनिवार पाण्यात. आणि शनिवार म्हणजे कबुतरांच्या शर्यतीचा दिवस. क्लबाच्या गाडीनं पाखरं लांब नेऊन सोडायची, जे आधी आपल्या घरी येईल ते जिंकलं.

शर्यतीची कबुतरं होती लेस हॉयलची. लेस म्हणजे डेनिसचा चाळीस वर्षांचा दोस्त, मधे एकच भिंत, दोघांची परसं लागून. लेसच्या परसात हिरवी-पांढरी रंगवलेली ढाबळ होती, त्याच्या बापानं बांधलेली, आणि त्यातली कबुतरं बापाच्याच वंशातली. आता दोन हंगाम लेसला धाप लागत होती. डॉक्टर म्हणाला, पिसांची धूळ छातीत बसली आहे. पाखरं ठेव नाहीतर श्वास ठेव. लेसनं ठरवायला दोन महिने लावले. शेवटी ब्रेंडानं, त्याच्या बायकोनं, ठरवून टाकलं. डोंगरापलीकडचा एक माणूस सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी येऊन सगळी पाखरं नेणार होता.

सगळ्यांचं लेसला काही वाटलं नाही, किंवा वाटलं तर तो बोलला नाही. पण एक होती एडना. एप्रिलमधे अंड्यातून निघालेली, निळसर राखाडी, बापाच्या वंशातलं शेवटचं पिल्लू. नाव लेसच्या आईचं. "आई पण अशीच," तो म्हणायचा. "दारापर्यंत सुसाट यायची आणि उंबऱ्यावर अर्धा तास बोलत उभी राहायची." या एडनाला जवळच्या टेकडीवरून सोडून शिकवली होती, पण खरी शर्यत एकही झाली नव्हती. दर शुक्रवारी लेस भिंतीवरून विचारायचा, पाठवू का? आणि दर शुक्रवारी डेनिस नकाशे बघून म्हणायचा, नको.

ऑगस्टचा शेवटचा शुक्रवार आला. या वेळी लेस भिंतीवरून बोलला नाही, आत येऊन स्वयंपाकघरात बसला.

"उद्या चेल्टनहॅमहून सोडणार आहेत," तो म्हणाला. "एकशेतीस मैल. पाठवू?"

"दम खा की. जिना चढून आल्यासारखा काय धापतोयस."

"तुझ्या दोन पायऱ्या चढलो ना. सांग लवकर, सहाला टोपली क्लबात न्यायची आहे, रात्री गाडी निघते."

डेनिसनं कागद पुढं ओढले. त्याचं सकाळपासून बघून झालं होतं. आयर्लंडकडून पावसाचा पट्टा येत होता. दुपारी एकपर्यंत आपल्या डोंगरावर टेकणार. पाखरं आठला सुटली तर अकराला घरी, मग काही भीती नाही. पण चेल्टनहॅमला रात्री वारा पडणार होता आणि जमीन ओलीकच्च. म्हणजे सकाळी धुकं. धुक्यात गाडीवाला पाखरं सोडत नाही, थांबतो. थांबला तर पाखरं डोंगरावर पोचतील ती ढग खाली उतरतानाच. हे सगळं त्याला आरशासारखं दिसत होतं.

"एकदा लांबून घरी येऊ दे रे तिला," लेस म्हणाला. "पुढच्या रविवारी तो माणूस घेऊन जाईल. जे पाखरू एकदाही दुरून घरी आलं नाही ते आपलं होतं असं कसं म्हणायचं?"

डेनिसनं त्याच्याकडं बघितलं. सगळा उन्हाळा तो या माणसाला नको, नको म्हणत आला होता. तोंडाला 'नको'ची चव बसली होती.

"उद्या सकाळ चांगली आहे," तो म्हणाला. "पाठव."

लेसचं तोंड असं उजळलं की डेनिसनं उठून उगीच किटली भरली.

शनिवारी सकाळ खरंच चांगली उजाडली. हॉलिनरॉइडवर ऊन, माळावर हेदरची झुडपं जांभळी फुललेली. दोघं लेसच्या परसात खुर्च्या टाकून बसले. नऊ वाजता क्लबातून फोन आला, चेल्टनहॅमला धुकं आहे, थांबलोय. दहाला पण तेच. सव्वाअकराला सोडली.

डेनिस घरी जाऊन बॅरोमीटरला टिचकी मारून आला. काटा खाली सरकला.

"काय म्हणतंय?" लेसनं विचारलं.

"बघू."

"बघू म्हणजे? चौतीस वर्षांत तू बघू म्हणालेला नाहीस."

साडेबाराला पश्चिमेच्या कड्यावरचा टॉवर दिसेनासा झाला. एकला शेजारच्या घराचं धुराडं दिसेना. पाऊस मोठा नव्हता, तसलाच बारीक, आडवा, डोंगराची वरची अर्धी बाजू पुसून टाकणारा. पाखराला वर जावं तर ढग, खाली यावं तर विजेच्या तारा. लेस पत्र्याच्या डब्यात मक्याचे दाणे खुळखुळवत उभा होता. तो आवाज ऐकला की ती झेप घेऊन आत येतात. ब्रेंडानं दारातून दोनदा हाक मारली. तो गेला नाही.

चारनंतर दुसऱ्यांच्या ढाबळींत दोनचार आली, भिजून चिंधी झालेली. एकाच्या छातीला तारेनं चीर गेली होती. एडना आली नाही.

रविवारी नाही, सोमवारी नाही. पुढच्या रविवारी तो माणूस येऊन बाकीची घेऊन गेला. रिकाम्या ढाबळीची झडप लेसनं उघडीच ठेवली आणि तिच्यासमोर खुर्ची टाकून बसायला लागला. सकाळी सहापासून दिवेलागणीपर्यंत. गळ्यात मफलर, मांडीवर डबा. पावसात बसला. खोकला असा की डेनिसला भिंतीपलीकडं ऐकू यायचा, आणि प्रत्येक उबळीला तो हातातलं काम थांबवायचा.

मंगळवारी ब्रेंडा आली. चहा दिला तर घेतला नाही.

"तू त्याला सांग," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"ती येणार नाही म्हणून सांग. माझं ऐकत नाही, डॉक्टरचं ऐकत नाही. म्हणतो वारा फिरला की येईल. वाऱ्याचं तो तुझंच ऐकणार. ही छाती घेऊन अजून आठ दिवस बाहेर बसला तर मी कुणाची वाट बघत बसायचं?"

"येतात गं कधीकधी. महिन्यानं पण आलेली आहेत."

"डेनिस." ती उभी राहिली. "एवढा उन्हाळा त्याला नको नको म्हणताना तुझी जीभ झडली नाही. आता एकदा म्हण."

ती गेल्यावर डेनिस नकाशे पसरून बसला. आता गंमत बघा. शाळा उघडल्या की ऊन पडतं हे या देशात शेंबड्या पोराला ठाऊक आहे. सगळा ऑगस्ट रडायचं आणि मुलं बाकावर बसली की हसायचं. तसंच होत होतं. हवेचा मोठा दाब येऊन बरोबर डोक्यावर बसणार होता. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. चेल्टनहॅमपासून हॉलिनरॉइडपर्यंत ढगाचा ठिपका नाही, पाठीवर दक्षिणेची झुळूक. सगळ्या उन्हाळ्यात असे चार दिवस आले नव्हते. पाखराला सोडायचं तर असल्या दिवशी सोडावं.

डेनिसनं कागद गुंडाळून ठेवले. अशा हवेत ती आली नाही, तर मग कशातच येणार नव्हती.

ब्रेंडा म्हणाली तसं सरळ 'येणार नाही' म्हणावं का? ते त्याला ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक असलेलं अर्धंच बोलून एकदा काय झालं ते समोर होतं. तो भिंतीला वळसा घालून लेसच्या परसात गेला आणि उलट्या बादलीवर बसला.

"उद्यापासून चार दिवस स्वच्छ," तो म्हणाला. "सगळी वाट मोकळी. कुठं छपरावर अंग चोरून बसली असेल, तर या चार दिवसांत निघेल आणि येईल. शनिवार संध्याकाळपर्यंत आली नाही तर ती नाही, लेस."

लेसनं मांडीवरचा डबा सरळ केला.

"बरं," म्हणाला. "शनिवारपर्यंत."

काय ते दिवस होते! आकाश धुऊन पुसून ठेवल्यासारखं. डोंगरावरचे नेचे कडेनं तांबूस व्हायला लागले होते, तारेवर पाकोळ्या जमून निघायच्या गोष्टी करत होत्या, आणि खाली सगळं गाव बाह्या वर करून बाहेर पडलेलं. बाया भिंतीवरून ओरडायच्या, "खातं, शेवटी सापडला का रे उन्हाळा? शाब्बास!" डेनिस हात वर करायचा. प्रत्येक उन्हाच्या तासाला त्याचं काळीज एक पायरी खाली उतरायचं. आयुष्यभर ज्या हवेची वाट बघितली ती आली होती आणि तो मनात म्हणत होता, जरा धूसर हो गं बाई, जरा ढग आण, म्हणजे म्हणता तरी येईल की ढगामुळं आली नाही.

शुक्रवारी दुपारी एक कबुतर लांबून आलं, छपराच्या कोपऱ्यावर बसलं. लेस डबा घेऊन ताडकन उठला. दाणे सांडले. पाखरानं मान वळवली. दुसऱ्याच कुणाचं तरी होतं, पांढरट. दोन घोट पाणी पिऊन गेलं आपल्या वाटेनं.

तेव्हा डेनिस बोलला. बादलीकडं बघत बोलला. "मला ठाऊक होतं लेस. धुक्याचं. तिथं उशीर होणार आणि इथं ढग उतरणार, दोन्ही दिसत होतं. मी तुला सकाळ सांगितली, दुपार सांगितली नाही."

लेस खुर्चीत बसला. श्वास जागेवर यायला वेळ लागला.

"का?"

"तू विचारत होतास म्हणून."

"मी दर शुक्रवारी विचारत होतो."

"तसं नाही विचारायचास."

लेसनं खुर्ची झडपेकडं वळवली. ब्रेंडानं दोन कप चहा आणला, त्यानं आपला घेतला, दुसरा पुढं केला नाही, तो बशीत तसाच निवत राहिला. डेनिसला वाटलं उठावं. पण शनिवारपर्यंत म्हणून आपणच सांगितलेलं, उठून जायचं कुठं?

शनिवारी तो आला तेव्हा खुर्चीशेजारी बादली नव्हती. दुसरी खुर्ची होती. लेसनं तिच्याकडं बोटसुद्धा केलं नाही. डेनिस बसला.

दिवसभर ऊन. दुपारी हवा इतकी स्वच्छ की पलीकडच्या डोंगरावरची मेंढरं मोजावीत. खोऱ्यात उंच काही हललं की दोघांच्या माना एकदम वर जायच्या आणि एकदम खाली यायच्या. कावळे होते. पाकोळ्या होत्या. चारला एक विमान गेलं, तेही दोघांनी शेवटपर्यंत बघितलं.

"आईला हातगाडीवर बसवून त्या माळावर नेलं होतं मी," लेस एकदम म्हणाला. "शेवटच्या वर्षी. असलाच दिवस. म्हणाली, लेस, आधी का नाही आणलंस? म्हटलं, आई, आधी पाऊस होता."

"मग?"

"मग काय, म्हणाली, पाऊस मला काय खातो?"

तो हसायला गेला आणि खोकला आला. डेनिसनं पाठीवर हात ठेवला, उबळ सरेपर्यंत काढला नाही. अंगात नुसती हाडं.

सूर्य कड्याला टेकला. सावली परस ओलांडून ढाबळीवर चढली, झडपेपाशी आली. ब्रेंडा दारात येऊन उभी राहिली, पण तिनं हाक मारली नाही.

लेस उठला. डबा झडपेच्या आतल्या फळीवर ठेवला, परत उचलला, दाणे मूठमूठ करून छपरावर भिरकावले, कुठल्याही पाखरासाठी. मग झडप खाली ओढली. कडी जाम झाली होती, उन्हाळाभर उघडीच होती ना. दोघांनी मिळून दाबली तेव्हा बसली.

"उद्या काय आहे?" लेसनं विचारलं.

डेनिसनं आकाशाकडं बघितलं नाही. त्याला ठाऊक होतं.

"सकाळी ऊन आहे," तो म्हणाला. "दुपारी पाऊस. मग थंडी. पानगळ लागली, लेस."

"दोन्ही सांगितलंस," लेस म्हणाला. मफलर घट्ट केला, ब्रेंडानं धरलेल्या दारातून आत गेला, आणि दार डेनिससाठी उघडं राहिलं.