कापसाखालचा कॉम्प्युटर

वंदनाने पदर खोचला आणि छताला भिडलेल्या कापसात खांद्यापर्यंत हात घातला.

"भाव आल्याशिवाय त्याले हात लावायचा नाही!" सासरे कडूबा दारातून कडाडले.

"कापूस नाही पायजे मामाजी. त्याच्याखालचा कॉम्प्युटर पायजे."

तिच्या नवऱ्याचं, गोविंदाचं, नेटचं दुकान बुडालं, तो खामगावच्या जिनिंग कारखान्यात सरकी काढायच्या कामाला लागला आणि दुकानातला कॉम्प्युटर या खोलीत येऊन पडला. दिवाळीनंतर कडूबांनी खुशाल त्याच्यावरच कापूस ओतला. निम्मं पीक बोंडअळीनं खाल्लं होतं. उरलेलं तरी मनाजोगत्या भावात जावं म्हणून चार महिने खोली अडवून बसले होते.

काल विजेच्या झटक्यानं वाय-फायचा डबा जळाला. गावात, सोनाळ्यात, नवा मिळाला नाही, आणि आज अकराला वंदनाची फोनवर मुलाखत होती, तोंड दाखवून. चौदा अर्जांतून आलेलं हे एकच बोलावणं. घरून करायचं काम. हुकलं तर दोघांनी पुण्याची वाट धरायची, असं ठरलेलं. मोबाइलचं नेटवर्क तर घराचा उंबरा ओलांडत नव्हतं.

"त्या डबड्याले क्यामेरा तरी आहे का?"

"नाही. तो फक्त वाय-फाय देईल. तोंड फोनवर दाखवीन."

कापसाच्या खोलीत दिवासुद्धा लावायचा नाही, म्हणून तिने ते धूड उचलून पुढच्या खोलीत आणलं. झाकण उघडून फुंकर मारली, तर मूठभर कापूस निघाला. कडूबांनी तोही उचलून गंजीवर ठेवला.

"वजनात येते," ते म्हणाले.

केबलवाल्याची वायर मागे खोचली, कॉलेजातलं वाय-फायचं डोंगल पुढे. फोनवर नाव झळकलं, पण पान काही उघडेना. पावणेअकरा झाले. वंदनाने सगळ्या वायरी काढून परत खोचल्या. मग तिच्या ध्यानात आलं: एका बाजूनं आलेलं दुसऱ्या बाजूला सोडायची परवानगीच मशीनला दिलेली नव्हती. तिने त्या सेटिंगमधलं 'बंद'चं शून्य खोडून 'चालू'चा एक लिहिला.

"आलं!" ती अशी ओरडली की कडूबांचा चहा सांडला.

अकराला तिने फोन घेऊन मागच्या, झोपायच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि दहा मिनिटांत बाहेर टेम्पो थांबला. कापूस घेणारे मेहबूबभाई.

"कडूभाऊ, काढा माल! तुमचाच भाव देतो. पण आत्ताच, गाडी भरून खामगावले चाललो."

कडूबा ताडकन उठले. गंजीपासून दारापर्यंतची वाट पुढच्या खोलीतूनच होती, त्या वायरीवरून. आतून वंदनाचा आवाज येत होता, न अडखळता, फाडफाड इंग्रजीत.

ते उंबऱ्यावर बसले.

"आज नाही जमत."

"काऊन? चार महिने याच भावासाठी बसले ना तुम्ही!"

"हळू बोल बाप्पा. अन् पह्यले ते इंजिन बंद कर."

इंजिन थांबलं तसा आतला आवाज स्पष्ट झाला.

"येस सर, मंडेपासून."

मंडे कडूबांना कळत होता. ते उभे राहिले, धोतराला चिकटलेला कापूस झटकला आणि खाली पडलेला तसाच राहू दिला.