ऋतिकाची चिठ्ठी आणि पसरणारे शब्द

मित्रांनो, पौडच्या पुढं डोंगरालगत एक गाव आहे. तिथल्या शाळेत चौथीच्या वर्गाच्या मागच्या भिंतीवर टांगलेला मी जुना लाकडी फळा. पौडच्या एका सुतारानं सागाच्या फळ्या जोडून मला घडवलं, त्याला एकोणचाळीस वर्षं झाली. बरीच वर्षं मी वर्गाच्या पुढच्या भिंतीवर होतो. मग तिथं शिकवायचा मोठा डिजिटल पडदा आला आणि माझी रवानगी मुलांच्या पाठीमागं झाली. वर्षभर माझ्याकडं कोणी वळून पाहिलं नाही.

यंदा हेमलताबाई बदलून आल्या. त्यांनी माझ्यावरची धूळ पुसली आणि रोज दोन-तीन इंग्रजी शब्द लिहायला सुरुवात केली. त्या आठवड्यात 'पसरणे' चाललं होतं. स्प्रेड म्हणजे पसरणे, स्कॅटर म्हणजे विखुरणे. मुलांना मजा वाटायची.

त्याच वर्गात ऋतिका होती. तिचे वडील लातूरकडचे, पिरंगुटच्या एका कंपनीत कामाला. गावातल्या गेणबांच्या घरी ते भाड्यानं राहत. ऋतिकाच्या बोटांवर आणि ओठाजवळ पांढरे डाग होते. तिची डॉक्टरांची चिठ्ठी बाईंना दाखवायची म्हणून वहीत ठेवलेली होती. एक दिवस वह्यांची अदलाबदल झाली आणि ती वही वर्गातल्या वैष्णवीच्या घरी गेली. वैष्णवीचे वडील शेखर यांनी चिठ्ठीत 'मे स्प्रेड', म्हणजे पसरू शकतं, एवढंच वाचलं, चिठ्ठीचा फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'पसरणारा रोग हाय. पोरं सांभाळा.'

दुसऱ्या दिवशी मुलांनी आपापल्या बसायच्या पट्ट्या लांब ओढल्या. ऋतिका माझ्या अगदी खाली, भिंतीला टेकून एकटीच बसली. खिचडीचं ताट तसंच राहिलं. तिसऱ्या दिवशी तिची आई शाळा सोडल्याचा दाखला मागायला आली.

बाई म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत थांबा."

संध्याकाळी त्यांनी पालकांना बोलावलं. गेणबा शाळेच्या समितीचे अध्यक्ष, ते पुढं बसले. बाईंनी ती चिठ्ठी जशीच्या तशी माझ्यावर उतरवली. 'मे स्प्रेड'च्या आधी एक आख्खं वाक्य होतं: 'नॉट कंटेजियस.'

"गेणबा, तुमच्या वावरात हरळी कशी वाढते?"

"सरकत सरकत. साऱ्या वावरात पसरती."

"ते स्प्रेड. आणि बांध ओलांडून दुसऱ्याच्या वावरात उतरली, तर ते कंटेजियस. डॉक्टरांनी लिहिलंय, नॉट. म्हणजे नाही."

गेणबांनी माझ्यावरच्या 'नॉट'कडं बोट केलं. "म्हंजी डाग वाढलं तर तिच्याच अंगावर. बांधावरून आमच्याकडं न्हाई येणार."

"हे कोड आहे. शिवल्यानं होत नाही, एका ताटात जेवल्यानंही नाही."

मागून रंभाबाई, गेणबांची बायको, उठल्या. "दोन म्हयनं ही पोर माझ्याच ताटात जेवतीया. माझ्या हाताला काय झालंय, बघा."

"मला न्हाई सांगितलंस," गेणबा म्हणाले.

"तुमी इचारलं कुटं?"

शेखर मान खाली घालून उभे होते. मग ते ऋतिकाच्या आईजवळ गेले. "ताई, मी शेवटचंच वाचलं. चुकलं माझं."

ऋतिकाच्या आईनं दाखल्याचा अर्ज घडी घालून पिशवीत ठेवला.

त्याच जागी उभं राहून शेखरनी ग्रुपवर खरं काय ते लिहिलं. पण पहिला निरोप तोवर शेजारच्या तीन गावांत पोचला होता, आणि दुसरा कोणी पुढं पाठवला नाही. वर्गात पहिल्यांदा वैष्णवीनं पट्टी परत जवळ ओढली. बाकीच्यांना पंधरा दिवस लागले. दोन मुलं अजून लांबच बसतात.

मित्रांनो, माझ्यावर चुकीचं लिहिलं गेलं, तर ओलं फडकं पुरतं. माणसांत गेलेलं अर्धं वाक्य असं पुसता येत नाही. म्हणून पुढं पाठवण्याआधी सगळं वाचा, कळलं नाही तर विचारा. शेखर अजूनही पौडच्या एसटी स्टँडवर ओळखीचं कोणी भेटलं, की त्याला थांबवतात आणि सांगतात, "त्या पोरीचं मी लिवलं हुतं ना, ते खरं न्हाई."