डाव्या डोळ्यातली जांबोटी

वाचनालयातली माझी चौतीस वर्षं पुस्तकांची कार्डं लिहिण्यात गेली. त्यामुळे नवा टीव्ही घ्यायचा ठरल्यावर मी आधी दोन कार्डं लिहिली, एकेका टीव्हीचं एकेक. नाव, मोजमाप, आवाज, हमी, आणि सगळ्यात खाली 'शेरा'. दोन्ही त्रेचाळीस इंची, दोन्ही आमच्यासारख्यांना परवडतील असे. पहिल्याचा पडदा उजळ, दुसऱ्याचा आवाज भरीव. पहिल्याचा दुरुस्तीवाला आमच्या निपाणीतच, दुसऱ्याचा बेळगावहून येणार. आठ दिवस कार्डं पुढ्यात घेऊन बसलो, पण शेऱ्याची जागा कोरीच राहिली.

यात नवल नाही. वाचनालयातही लोक विचारायचे, "सर, ह्यातलं कुठलं नेऊ?" मी दोन्ही पुस्तकं त्यांच्यापुढे सरकवायचो आणि कपाटाआड जायचो. आपल्या सांगण्यावरून कुणी काही करावं, याची मला कायम धास्ती वाटत आली आहे.

अंबूला, माझ्या बायकोला, हे ठाऊक आहे. म्हणूनच तिच्या डोळ्याबद्दल मी काही बोलत नव्हतो.

तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजव्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर बेळगावात झालं, चांगलं झालं. डाव्याची तारीख येत्या मंगळवारची होती. आता थांबू नका, पिकत चाललाय, पुढे अवघड होईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि अंबू जाणार नाही म्हणून बसली होती.

कारण तिनं एकदाच सांगितलं. परसात दोरीवर तिचं हळदी रंगाचं लुगडं वाळत होतं. त्याच्यापुढे उभी राहून तिनं आधी एक डोळा झाकला, मग दुसरा.

"नव्या डोळ्यानं समदं निळीत बुडवल्यागत दिसतंय," ती म्हणाली. "पांढरंफेक. डाव्यानं बगितलं की कसं, भात पिकल्यागत, ऊन तिरपं झाल्यागत. आमच्या जांबोटीत हुतं तसं."

"अगं, तो मोतीबिंदूचा रंग आहे."

"आसंल. पण माझी आई त्याच रंगात हाय. तेवढा एक डोळा ऱ्हाऊ द्या."

जांबोटी तिचं माहेर. डोंगरातलं गाव, बस मिळाली तर मिळाली, नाहीतर चालणं. गुडघे दुखायला लागल्यापासून चार वर्षं तिचं जाणं झालं नव्हतं. आईला जाऊन वीस वर्षं झाली, आणि तिचा एकही फोटो घरात नव्हता. ज्या डोळ्यात एखाद्याची आई आहे, तो डोळा साफ करून घे, असं कोणत्या तोंडानं सांगायचं?

आमची मुलगी रचना बेळगावजवळ मच्छेला कारखान्यात नोकरीला आहे. तिनं फोन केला. "बाबा, आईला तुम्हीच समजवा. आणि टीव्ही मंगळवारच्या आत आणा, नंतर ती घरातच बसणार आहे." दोन्ही कामं तिनं एका दमात सांगितली, जणू दोन्ही सारखीच सोपी होती.

शनिवारी दुपारी आम्ही परशरामच्या दुकानात गेलो. त्यानं दोन्ही टीव्ही शेजारीशेजारी लावले. दोन्हींवर रंगीत पोपट उडत होते, कलिंगडं कापली जात होती, कुठल्या तरी परक्या देशातलं तळं चमकत होतं. सगळंच सुंदर दिसत होतं. त्यावरून मला काहीच ठरवता येईना.

वाचनालयात नवा शब्दकोश आला की मी आधी मला पक्का माहीत असलेला एखादा शब्द त्यात बघायचो. तेच इथे करायचं मी घरूनच योजलं होतं. माझा मेहुणा भरमू जांबोटीला असतो. भातकापणीच्या दिवसांत त्यानं फोनवर सात मिनिटांचा व्हिडिओ काढून पाठवला होता, शेतापासून घरापर्यंत चालत. तो मी पेनड्राइव्हवर भरून घेतला होता.

"हा लावता येईल का? त्रास नसेल तर," मी म्हणालो.

"त्रास कसला, अण्णा? लावू की." परशरामनं तो दुसऱ्या पेनड्राइव्हवरही घेतला आणि दोन्हीकडे एकदम सुरू केला. एकदम म्हणायचं, पण दुसऱ्या टीव्हीवरची जांबोटी एक पाऊल मागे राहिली. पहिल्या पडद्यावर भरमूचा हात बांधावरची काटकी बाजूला करायचा, आणि दुसऱ्यावर ती अजून वाटेतच असायची. एकाच वाटेनं दोन माणसं पुढे-मागे चालली आहेत, आणि मागच्याला पुढच्याचा पत्ता नाही, असं वाटत होतं. धुकं होतं. कापलेल्या भाताच्या पेंढ्या होत्या. दुकानातल्या पंख्याचा आवाज मला ऐकू येईनासा झाला.

अंबू पडद्यांसमोर उभी होती. एक डोळा झाकत होती, मग दुसरा.

"आक्का, टीव्हीला डोळा मारताय व्हय?" परशराम हसला.

"गप रं. ह्या वयात अजून कुनाला मारू?" ती वळलीसुद्धा नाही.

पहिल्या टीव्हीवर जांबोटी लख्ख होती, नुकती धुतल्यासारखी. दुसऱ्यावर पिवळसर, जराशी जुनी. अंबू सरकत सरकत दुसऱ्यासमोर गेली आणि थांबली. डावा डोळा तिनं तळहातानं घट्ट झाकला होता. पडद्यावर भरमू अंगणाच्या फाटकाशी पोचला. त्यानं ते उघडलं. दारात एक बाई पाठमोरी उभी होती.

"ती भरमूची बायको असणार," मी म्हणालो.

"व्हय. ठाव हाय मला." आणि मग हळूच म्हणाली, "पाठमोरी आईगत दिसती."

तेवढ्यात करंट गेला. पंखा मंदावत थांबला. दोन काळ्या पडद्यांवर आम्हीच दिसू लागलो, इकडे एक म्हातारा आणि एक म्हातारी, तिकडेही तीच दोघं. अंबूचा हात डोळ्यावरच होता.

"आत हाय का अजून त्ये?" तिनं विचारलं.

"आहे. पेनड्राइव्हमध्ये आहे."

"मी नव्या डोळ्यानं बगत हुते. डावा झाकलेला. तरी त्योच रंग." तिनं हात खाली घेतला. "ह्यो टीव्ही घ्या. मंगळवारी जाऊ आपण."

इतकं सोपं होतं ते? करंट आल्यावर परशरामनं व्हिडिओ परत लावला, अंबू स्टुलावर टेकली, आणि त्यानं मला कोपऱ्यात घेतलं.

"अण्णा, खरं सांगू का? त्या टीव्हीत विशेष काय न्हाय. कालच्या एका गिऱ्हाइकानं रंगाचं सेटिंग बदललंय, मी ते परत करायचं विसरलो. तुमी पहिलाच घ्या, पडदा लई चांगला हाय. त्येच्यावर बी तस्संच करून देतो." त्यानं रिमोट दाबून पडद्यावर यादी आणली. ती कानडीत होती. मी अक्षर अक्षर लावत वाचलं, 'बेच्चगे', म्हणजे उबदार. वरच्या ओळीत 'थंड' होतं.

मी रिमोट हातात घेतला आणि उभा राहिलो. हा रंग म्हणजे बटणाची करामत आहे, हे कळल्यावर ती म्हणेल, मग माझा डोळाच खरा, आणि मंगळवार जाईल. न सांगावं तर एखाद्या दुपारी कुणाच्या तरी हातून बटण दाबलं जाईल, पिवळा रंग जाईल, आणि तोवर तिचा जुना डोळाही गेलेला असेल. मग ती कुठे शोधणार? लपायला इथे कपाट नव्हतं.

"अंबू," मी तिच्याजवळ गेलो, "हा रंग टीव्हीचा नाही. बटणाचा आहे. हे बघ."

मी दाबलं. अंगण, पेंढ्या, दारातली बाई, सगळं निळसर झालं. पुन्हा दाबलं. ऊन तिरपं झालं. मग पहिल्या टीव्हीवरही तसंच करून दाखवलं. ती स्टुलावरून उठून जवळ आली.

"म्हंजे माझ्या डोळ्याचं बी असंच हाय?"

"मला वाटतं, असंच आहे. वरचा रंग जाईल. आई जाणार नाही."

"वाटतं, का नक्की?"

मी रिमोट खाली ठेवला. "नक्की," मी म्हणालो. "मंगळवारी जायचं."

हा शब्द मी याआधी कुणाला दिल्याचं आठवत नाही. तिनंही माझ्याकडे तशाच नवलानं बघितलं, आधी एका डोळ्यानं, मग दोन्हींनी.

"मग पैला घ्या की. त्येचा दुरुस्तीवाला हितलाच हाय."

"तुला कसं कळलं?"

"आठ दिस ती कार्डं टेबलावर पडल्यात. वाचली मी, ह्या नव्या डोळ्यानं."

मंगळवारी ऑपरेशन झालं. पट्टी सुटली त्या दिवशी ती परसात गेली, लुगड्याचा काठ हातात धरून उभी राहिली, आणि आत येऊन म्हणाली, "टीव्ही लावा. ऊन तिरपं करा."

मी केलं. फाटकातून त्या पाठमोऱ्या बाईपर्यंत जाऊन आल्यासारखी ती शांत झाली. मग महिनाभर दुपारी हेच चाललं. बातम्या ती थंड रंगात बघायची आणि जांबोटी उबदार रंगात. रिमोट कधी माझ्या हातून तिच्या हातात गेला, कळलं नाही.

काल दुपारी मी खिडकीशी वाचत होतो. पुस्तकावरून नजर उचलली तर पडद्यावर जांबोटी होती, पण निळसर, लख्ख.

"अगं, बटण चुकलं का?"

"न्हाय. आज असंच बगते." ती पडद्याच्या जवळ जाऊन वाकली. "अवो, त्या नळाखाली बगा. दगूड म्हणून काय घातलंय त्या भरम्यानं?"

मला काही दिसलं नाही.

"आईचं जातं हाय त्ये! वरची पाळ. पिवळ्यात इतके दिस दिसलंच न्हाय मला." तिनं लगेच फोन लावला. "भरम्या, लाज हाय का रं? आईच्या जात्यावर भांडी घासताय? उचल त्ये आदी. धुऊन ठेव. आमी येतोय बगायला. गुडघं माझं हायत, तू कशाला काळजी करतोस?"

मग फोनवर हात ठेवून तिनं मला विचारलं, "खानापुरावरनं जांबोटीची बस किती वाजता असती? अंदाज नको, नक्की सांगा."

मी चष्मा शोधायला उठलो. पडद्यावर भरमू फाटक उघडत होता. आता एकच पडदा, एकच फाटक होतं. तरी जरा वेळ मी तिथेच उभा राहिलो, दुकानातल्यासारखं एक पाऊल मागे राहिलेलं दुसरं फाटक उघडेल म्हणून.